नवव्या पर्वातला नकार

आमच्या विनोदी मालिकेच्या नवव्या पर्वापर्यंत सगळ्यांची लग्नं लावून झाली होती, उरली फक्त मावशी. तिची जोडी मी शेजारच्या शिंप्याशी जुळवली, तर ती भूमिका करणारी बाई माझ्यासमोर येऊन उभी ठाकली.

"लेखकबुवा, तुमच्याकडे लग्न झालं की बाईच्या तोंडचे विनोद जातात आणि हातात चहाचा ट्रे येतो. माझ्या पोटावर पाय देऊ नका."

"प्रेक्षकांना प्रेम हवंय, बाई."

"मग मी नकार देते. तो दर आठवड्याला नव्याने मागणी घालेल. दोघांचीही चूल पेटती राहील."

हिशेब चोख होता. मी मानला.

चित्रीकरणात तिने हसतहसत नकार दिला. शिंपी झालेल्या नटाचा चेहरा असा उतरला, की दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तरी त्याचा चेहरा तसाच उतरलेला राहिला, आणि त्याच्याकडे बघता बघता बाई पुढचं वाक्य विसरली.