सोमवारची पहिली फेरी

सोमवारच्या पहिल्या फेरीत, पंखा उलटा फिरवल्यावर, जहाजाची प्रतिकृती स्वतःच्या लांबीच्या नऊ पूर्णांक सात दशांश पट अंतर जाऊन थांबत असे. आठवड्यातल्या बाकी सर्व फेऱ्यांत नऊ पट. प्रतिकृती तीच, वजन तेच, वेग तोच, लांबलचक टाकीतलं पाणीही तेच. सलग सात सोमवार.

शोधनिबंध लिहिताना प्राध्यापक बाईंनी ते सात आकडे वगळले होते. पहिली फेरी जमेस धरायची नाही, हा प्रयोगशाळेचा जुना रिवाज. आकडे परिशिष्टात गेले, आणि परिशिष्ट कोणी वाचत नाही.

वकील वाचतात. बाईंच्या टेबलासमोर बसलेल्या वकिलाने ते पान दुमडूनच आणलं होतं. त्याचे मामा जहाजाचे कप्तान. नौदलाच्या ताब्यात देण्यापूर्वीच्या चाचणीत त्यांचं एकशे दहा मीटर लांबीचं मालवाहू जहाज मोजमापाच्या तराफ्यावर आदळलं आणि तिथल्या तंत्रज्ञाचा पाय मोडला. पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या बोयापाशीच आपण जहाज थांबवण्यासाठी यंत्रं उलटी फिरवण्याचा हुकूम दिला, असं कप्तान सांगत होते. हुकमाची वेळ नोंदवणारं उपकरण अजून बसवलेलं नव्हतं. सागरी चौकशी मंडळाने बाईंचा निबंध पुढे केला: तसं असतं तर जहाज तराफ्याच्या साठ मीटर अलीकडे थांबलं असतं, अर्थात हुकूम निदान दहा सेकंद उशिरा सुटला. त्या दहा सेकंदांपायी तीस वर्षांचा परवाना जाणार होता.

“मामा कधीच खोटं बोलत नाहीत, असं मी म्हणणार नाही,” वकील म्हणाला. “पत्त्यांत ते सर्रास लबाडी करतात. पण मामींनी पकडलं की लगेच कबूल करतात. हे मात्र कबूल करत नाहीयेत.”

कबूल न करणं हा पुरावा होत नाही, असं बाईंनी कोरडेपणाने सुनावलं. त्यालाही ते मान्य होतं. म्हणूनच तो मामांची भलामण न करता सात आकडे घेऊन आला होता. ते का वगळले, एवढंच त्याला हवं होतं. बाईंच्या ओठांवर ‘रिवाज’ हा शब्द आला, आणि तो त्यांनी गिळला.

त्यांनी एकेक शंका निकालात काढली. पाण्याचं तापमान बदलत नव्हतं. सोमवारी बॅटरी ताजी असते खरी. पण मग पंखा जोरात उलटा फिरून प्रतिकृती लवकर थांबायला हवी, उशिरा नव्हे. उरला रविवार. तीन पाळ्यांत चालणारी टाकी फक्त त्या दिवशी बंद असे.

पुढच्या सोमवारी बाई टाकीच्या काठावर मिस्त्रींशेजारी उभ्या राहिल्या. फेऱ्यांच्या वेळा सेकंदावर सांभाळणाऱ्या या गृहस्थाला सगळे ‘घड्याळ’ म्हणत. पहिली फेरी: नऊ पूर्णांक सात. मिस्त्रींनी प्रतिकृती टाकीवरून सरकणाऱ्या गाड्याला अडकवून भराभर मागे ओढत आणली. बाईंनी पाण्यावर थर्माकोलचे चार मणी सोडले. मणी संथपणे, पण न थांबता, सुरुवातीच्या टोकाकडे निघाले.

“मिस्त्री, पाणी चालतंय.”

“चालणारच, बाई. मॉडेल मागे ओढलं की त्याच्यासोबत पाणीही येतं. पूर्वी आपण तासभर थांबायचो. फेऱ्या वाढवा असं तुम्ही लिहून दिलंत, तेव्हा दहा मिनिटांवर आणलं.”

“बोलला नाहीत कधी.”

“सही तुमची होती.”

यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते लागलं. दोघांनी पाणी तासभर स्थिर होऊ दिलं. नऊ पूर्णांक सात. पुन्हा तासभर. नऊ पूर्णांक सात. जेवणाची सुट्टी कधी होऊन गेली ते घड्याळालाही कळलं नाही.

बाई मंडळाला पत्र लिहायला बसल्या, तसे मिस्त्री दारात घुटमळले. दोष आपल्या नावावर घालावा, आपण नाहीतरी निवृत्तीला आलो आहोत, असं त्यांनी सुचवलं. बाईंनी मान वर केली नाही.

“सही माझी होती,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना बसायला खुर्ची दाखवली.

पत्र चार ओळींचं झालं. “दोन फेऱ्यांमधला विराम मी कमी केला. त्यामुळे प्रतिकृती मागे सरकणाऱ्या पाण्यात धावली आणि लवकर थांबली. स्थिर पाण्यातल्या मापानुसार थांबण्याचं अंतर सत्त्याहत्तर मीटरांनी वाढतं, म्हणजे बोयापाशी हुकूम देऊनही हे जहाज तराफ्यापर्यंत पोहोचतं. निबंधातला थांबण्याच्या अंतराचा आकडा चुकीचा असून मी तो मागे घेत आहे.”