गंगाजळीतला लाभांश

“बाई, बावीस टक्के म्हंजे कंपनी जोरात हाय ना?” गोटीरामने दारातूनच विचारलं.

जयमालाबाईंची टाइपरायटरवरची बोटं थांबली. चौऱ्याऐंशी साल होतं. दिघ्याजवळच्या या रंगाच्या कारखान्यात त्या टायपिस्ट होत्या आणि गोटीराम बागेचा माळी. कारखान्याखालची जमीन एकेकाळी त्याचीच. भरपाईच्या पैशांतून त्याने कंपनीचेच शंभर शेअर घेतले होते. लाभांशाचं पाकीट आलं की शेत पिकल्यासारखा खूश व्हायचा.

यंदा लाभांश अठरावरून बावीस टक्क्यांवर गेला होता. कॅन्टीनमध्ये पेढे वाटले, शेअरचा भाव चढला. खिडकीबाहेर मात्र खाडीवरचं धुकं अंगणापर्यंत आलं होतं आणि त्यात तीन धुराड्यांपैकी एकाचाच धूर हळूहळू मिसळत होता.

“बसा गोटीराम,” म्हणत बाईंनी छापील अहवाल उघडला. “नफा निम्म्यावर आलाय. लाभांश म्हणून वाटलेत त्याहून जास्त पैसे. वरचे गंगाजळीतून, म्हणजे जुन्या साठवणीतून काढलेत.”

“मंग वाडवला कशाला?”

“सगळं छान चाललंय असं लोकांना वाटावं म्हणून.”

गोटीरामने खिडकीतून त्या एकट्या धुराड्याकडे बघितलं. “म्हंजे बियान्याचं भात कांडून पंगत घातली.”

“विकून टाका. आत्ता भाव आहे.”

त्याने विकले. गाव हसलं. त्या पैशांतून त्याने होडी घेतली.

जयमालाबाईंचेही पन्नास शेअर होते, नवऱ्याच्या फंडातून घेतलेले. नवरा याच कारखान्यात होता. तो गेल्यावर कंपनीने त्यांना नोकरी दिली होती. विकायचे म्हणून कितीदा तरी त्यांनी ते कागद कपाटातून काढले, त्यांवरून हात फिरवला आणि परत ठेवून दिले.

दोन वर्षांनी ‘यंदा लाभांश नाही’ ही नोटीस त्यांनीच टाइप केली. दिवाळीआधी कारखाना बंद झाला.

शेवटच्या संध्याकाळी गोटीराम फाटकाशी उभा होता. “चला बाई, पान्यातून वाशीला सोडतो.”

भरतीचं पाणी संथ होतं. खारफुटीतून बगळे उठत होते. होडी आवाज न करता सरकत होती, आणि मागे कारखाना कुणाच्या तरी आठवणीतल्यासारखा लहान लहान होत चालला होता.

“तुमचे पन येळेवर इकले ना, बाई?” गोटीरामने वल्हं थांबवून विचारलं.

“विकले की,” जयमालाबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात पाण्यात सोडला.