पायांतल्या मुंग्या

"खोलातून वर आलेल्याच्या पायांना मुंग्या आल्या, लघवी अडली, तर चोळत बसू नका. आडवं निजवा आणि मला हाक मारा," असं दवाखान्यातल्या मेरेसेइनी सिस्टरने पाणबुड्यांच्या बायकांना बजावलं होतं. मेंदूचा निरोप खाली नेणारी दोरी मणक्यांच्या पोकळीतून जाते. झटकन वर येणाऱ्याच्या अंगात बुडबुडे धरतात, ते त्या दोरीत अडकले की मेंदूने वरून कितीही ओरडावं, पायांना ऐकू जात नाही. उलामिला तेव्हा पोटुशी होती. कॉलेजात शिकलेली, तरी 'सिस्टरला भीती घालायची खोडच आहे' म्हणून तिने ते हसण्यावारी नेलं. आणि नवरा, इनोके, मुंग्या घेऊन घरी आला, तेव्हा त्याचे पाय खोबरेल तेलाने चोळत बसली.

आता इनोके पडद्यामागे गादीवर होता. कमरेखालचं काहीच त्याचं राहिलं नव्हतं.

आणि नेतानी माफी मागायला आला होता. होडी त्याची, हवेच्या टाक्या त्याच्या. तळाशी सरपटणाऱ्या, महाग विकल्या जाणाऱ्या समुद्रकाकड्यांच्या हावेपायी, वर आलेल्या माणसाला दम खाऊ न देता पुन्हा खाली धाडणाराही तोच. देवमाशाचा दात दोन्ही हातांवर धरून तो चटईवर मांडी घालून बसला, मान खाली. दात पुढे आला की नाही म्हणायची रीत नाही. मामंजींनी तो घेतला. "झालं गेलं समुद्राला मिळालं," म्हणाले. उलामिलाला कोणी विचारलंच नाही. लेकीला पाजत ती दाराशी बसून राहिली. तिला दात नको होता. तिला नेतानी हवा होता, इनोकेसारखा खिळलेला.

मुळ्या कुटून केलेल्या यांगोनाची, अंग सुस्तावणाऱ्या पेयाची, वाटी फिरली. उठायची वेळ आली तेव्हा नेतानीचा उजवा पाय उठेचना.

"काय रे, इतक्यात चढली?" मामंजी हसले.

"मुंग्या आल्यात, काका. मांडी घालायची सवय मोडली."

"होडीवर बसून हुकूम सोडणाऱ्याला कसली आलीय मांडी."

सगळे हसले. उलामिला त्याच्या डोळ्यांकडे बघत होती. त्यांच्याभोवती पाणबुड्याच्या चष्म्याचा लाल वळ अजून ताजा होता. इनोकेचं तसं झाल्यावर बाकीचे पाणबुडे पळाले, तेव्हापासून हा स्वतःच उतरत होता. आजही उतरून आला होता. यांगोनाने पाय जड होतो, असा लोंबत नाही.

दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तो उंबऱ्याशी आला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "भाऊ, लघवी होतेय ना?"

"अडल्यासारखी झालीय खरी. का गं?"

तिच्या जिभेवर सिस्टरचं नाव आलं होतं. तिने ते गिळलं.

"खोबरेल तेल कोमट करून चोळून घ्या. आराम पडेल."

"देव तुझं भलं करो, पोरी."

पडद्यामागून इनोकेने विचारलं, "कोण पडलं का गं?"

"कोणी नाही."

लेक केव्हाच झोपली होती, तरी ती तिला थोपटत राहिली.

चर्चच्या पलीकडे निळ्या पत्र्याचं घर आहे. नेतानीची बायको आत्ता तेल तापवत असेल. दवाखाना वाटेतच आहे, सिस्टर अजून घरी गेलेली नाही. उलामिला काही उठायची नाही. तुम्ही त्या बाजूने जात असाल तर तेवढं डोकावून बघा, त्याला लघवी झाली का विचारा.