चारनंतरचा हात

शिडीच्या मधल्या टप्प्यावर त्याचा गुडघा कुरकुरला. अकरा वर्षं कारखान्यात खाली उभं राहून त्यानं क्रेनवाल्याला हातानं इशारे दिले होते, पण छताखालच्या त्या केबिनमध्ये एकदाही पाय ठेवला नव्हता. गरजच काय होती? त्यानं हात वर केला की हूक वर, मूठ आवळली की थांब.

आणि आता दोन महिन्यांपूर्वी त्याच्याच कामावर आलेली ती बाई. तिसऱ्याच दिवशी वर चढून क्रेनवाल्याशेजारी अर्धा तास बसून आली. तेव्हापासून दुपारी चार वाजले की याच्यापासून दहा पावलांवर उभी राहायची आणि हा जो इशारा देईल, तोच हुबेहूब द्यायची. माकडचेष्टा नुसत्या! सगळ्यांसमक्ष! घरी जेवताना तोच विषय.

"क्रेनवाला काही तुमचा नवरा नाही, अन् ती तुमची सवत नाही," बायको शेवटी म्हणाली होती.

पण सोमवारी मोठा पंप उचलायचा होता आणि इशारा कोण देणार, हे क्रेनवाला ठरवणार होता. आज हा मुकादमाकडे तक्रार घेऊन गेला, तर मुकादमानं हात झटकले. वर जा, त्याच्याशी समोरासमोर बोल, म्हणाला.

क्रेनवाल्यानं पाण्याची बाटली उचलून त्याला बसायला जागा केली. यानं आढेवेढे न घेता विचारलं, सोमवारचं नाव कुणाचं दिलं?

"तिचं," क्रेनवाला म्हणाला.

कानाखाली वाजवावी तसं झालं. अकरा वर्षांत एक खिळा पडू दिला नव्हता त्यानं, आणि हा माणूस त्याच्याकडे न बघता सांगत होता.

"माझं काय चुकलं?"

"काही नाही. बघा तुम्हीच, चार वाजलेत."

त्यानं खाली पाहिलं. पश्चिमेच्या भिंतीचे पत्रे काढून दोन महिन्यांपूर्वी काच बसवली होती. तिच्यातून ऊन थेट आत घुसलं होतं आणि त्याची जागा, जिथं त्याच्या बुटांनी जमिनीचा रंग उडाला होता, ती नुसती पांढरीफटक झाली होती. तिथं हत्ती उभा असता तरी दिसला नसता.

"सांगायचं नाही का?"

"वॉकीटॉकीवर दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, चष्मा लाव."

म्हणाला होता खरा. वर हसलाही होता.

उन्हाच्या पट्ट्याबाहेर, दहा पावलांवर ती बाई उभी होती. स्वच्छ दिसत होती, हातमोज्यांच्या शिवणीसकट. समोर साखळ्या लावलेली पेटी तयार होती. पेटीपाशी दोघं जण खोळंबले होते. ती मात्र हात खाली सोडून एकटक त्या पांढऱ्या उजेडाकडे पाहत होती.

"इशारा का देत नाही ती?"

"कसा देणार? चारनंतर तुमचाच हात मला दाखवते ती. तुम्ही इथं आहात."

त्यानं क्रेनवाल्याकडची बाटली मागून घेतली, दोन घोट पाणी प्यायला आणि शिडी उतरू लागला. उतरताना गुडघा जास्तच दुखला.

खाली आल्यावर पाय सवयीनं आपल्या जागेकडे वळले. तो थांबला, वळला आणि तिच्याकडे गेला. तिनं घाईघाईनं हात मागे घेतले, काहीतरी चोरताना सापडल्यासारखे. तिच्याबद्दल मनात अजून टोचत होतंच. इतक्यात कुठलं जातंय ते.

"सोमवारी मी कुठं उभा राहू?" त्यानं विचारलं.

ती एक पाऊल बाजूला सरकली आणि तिनं त्याला उन्हाबाहेर जागा करून दिली.