उलटं समजायचं

"मॅडम, हा भंगारातला डंपी कशाला काढलात? एक्स्टर्नल येतील एवढ्यात," लॅबवाले मामा दारातूनच म्हणाले.

"त्यांनाच दाखवायचाय," मॅडम म्हणाल्या आणि रुमालाच्या टोकानं दुर्बिणीची काच पुसत राहिल्या.

डंपी म्हणजे जमिनीचा चढउतार मोजायची जुनी दुर्बीण. ती तिपाईवर बसवायची, लांब कुणीतरी स्टाफ, म्हणजे आकडे रंगवलेली उंच पट्टी, उभा धरायचा आणि इकडून तो आकडा वाचायचा. आता नवी यंत्रं आली, त्यांत सगळं सरळ दिसतं. डंपीत मात्र जग उलटं दिसायचं. आभाळ खाली, जमीन वर आणि स्टाफवाला डोक्यावर उभा. डिपार्टमेंटनं सगळे डंपी मोडीत काढले, तेव्हा हा एक मॅडमनी कपाटामागे सरकवून ठेवला होता. मुलं पाठीमागे त्यांना डंपी मॅडम म्हणत. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि इंग्रजीत डंपी म्हणजे बुटकं, तेव्हा आपल्या ठेंगण्या बांध्याला नाव शोभतंय, असं त्यांनीच घरी हसत सांगितलं होतं.

आज सकाळी भावजयीनं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं होतं. "ताई, परीक्षा मुलांची आहे की तुमची?"

"मुलांची. माझी कसली?" मॅडम म्हणाल्या होत्या. पण केस पुन्हा सोडून पुन्हा बांधले होते, आणि ते भावजयीच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

परीक्षक म्हणून कोण येणार, ते त्यांना आठवडाभर आधी कळलं होतं. कागदावर ते भलंमोठं नाव होतं, मागे पदव्यांची शेपटी. याच कॉलेजात तो मॅडमच्या वर्गात होता, आणि वर्गात त्याला ओळंबा म्हणायचे. उंच, सडपातळ, कमी बोलणारा आणि कायम सरळ. गवंडी भिंतीला लावतात त्या ओळंब्यासारखा. सर्व्हेच्या गटात उंचीमुळे स्टाफ त्याच्याकडे आला, आणि नजर तीक्ष्ण म्हणून दुर्बीण हिच्याकडे.

स्टाफ कलला तर कुठे वळवायचा ते दुर्बिणीवाल्यानं हातानं दाखवायचं, आणि पहिल्या दिवसापासून त्यात तिची गल्लत व्हायची. उलट्या चित्रात स्टाफ ज्या बाजूला झुकलेला दिसतो, खरा तो दुसऱ्याच बाजूला झुकलेला असतो. हे पुस्तकातलं तिला तोंडपाठ होतं. मैदानात मात्र डोळा दुर्बिणीला लागला की डोकं काम करेनासं व्हायचं आणि हात भलतीकडेच जायचा. स्टाफ आणखी कलायचा, गटातली पोरं कपाळावर हात मारायची. शेवटी ओळंबाच तिच्याजवळ येऊन म्हणाला, "तू हात कर कसाही. मी उलटं समजतो."

त्यानंतर त्यांच्या गटाचं काम सगळ्यांच्या आधी आटपायला लागलं. आणि उलटं समजणं मैदानापुरतं राहिलं नाही. तिनं चहा नको म्हटलं की तो कपबशी पुढे करायचा. "माझ्यासाठी थांबू नकोस," म्हटलं की फाटकापाशी थांबलेला असायचा. मनातलं सरळ सांगायची तिला गरजच पडेना. माणसाला याची सवय फार लवकर लागते.

स्टाफवाल्याचा एक नियम असतो. दुर्बिणीवाल्यानं दोन्ही हात वर करून 'झालं' अशी खूण केल्याशिवाय त्यानं जागा सोडायची नाही. एकदा ती खूण करायची विसरली आणि मैत्रिणींबरोबर कँटीनला निघून गेली. परत आली तर मैदान रिकामं, उन्हात ओळंबा एकटा स्टाफ धरून उभा.

"अरे, वेडा आहेस का? निघून यायचं ना."

"तू हात कुठे केलास?" तो म्हणाला. त्या क्षणी तिला तो इतका आवडला की तिनं त्याला आणखी दोन शब्द सुनावले.

शेवटची परीक्षा झाली त्या दिवशी तो याच लॅबच्या पायऱ्यांवर आला. खूप लांब, डोंगरात एका धरणाचं काम निघालं होतं. तिथं त्याला बोलावलं होतं.

"जाऊ?" त्यानं विचारलं.

"जा की," ती म्हणाली आणि नखांकडे बघत बसली.

तो गेला. तिला वाटलं, चिडवतोय, येईल परत. मग वाटलं, पावसाळ्यात काम बंद पडतं, तेव्हा येईल. एवढी वर्षं सगळं उलटं घेणाऱ्या माणसानं तेवढा एक शब्द सरळ घेतला, हे तिच्या लक्षात यायला बराच काळ जावा लागला. पुढे स्थळं आली. तिनं नको म्हटलं. त्या मंडळींनीही ते सरळच घेतलं. ती याच डिपार्टमेंटमध्ये शिकवायला लागली आणि तिची मॅडम झाली.

आता त्याच्याकडून काही हवं होतं अशातला भाग नव्हता. त्याचा संसार होता, मुलगी मोठी होती. फक्त एक वाक्य त्याच्या कानावर घालायचं होतं, मी त्या दिवशी उलटं बोलले होते. बस. त्याला ते कळलेलं असावं, एवढंच. आठवडाभर त्या हे वाक्य घोकत होत्या. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. नंतर कुठली परीक्षा आणि कुठला परीक्षक.

तो आला. केस पांढरे, पाठ अजून ताठ. मुलांसमोर रीतसर "नमस्कार मॅडम" झालं. मैदानाच्या पार टोकाला एक मुलगी स्टाफ धरून उभी राहिली आणि इकडे एकेक जण आकडे वाचू लागला.

"दुर्बिणीत चित्र उलटं दिसलं तर काय कराल?" परीक्षकांनी एकाला विचारलं.

"मामांना सांगू सर, यंत्र बिघडलंय म्हणून."

सगळे हसले. परीक्षकही हसले. मॅडमनी झाडाखाली लावून ठेवलेल्या डंपीकडे हात केला. "या सर. बिघडलेलं यंत्र दाखवते."

तो वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मुलं नव्या यंत्रापाशी होती, त्यांना ऐकू जाणार नव्हतं.

"मी यातून कधी बघितलंच नव्हतं गं," तो म्हणाला. "मी कायम पलीकडे. असा दिसायचो मी तुला?"

"असाच. पाय वर."

"आणि तरी आकडे बरोबर काढायचीस."

"आकडे बरोबर यायचे. हात चुकायचे," त्या म्हणाल्या. आता बोलायचं, असं त्यांनी ठरवलं. "ऐक ना. त्या दिवशी पायऱ्यांवर तू विचारलं होतंस..."

"हो." तो सरळ उभा राहिला. चेहरा उजळला होता. "तेच मला तुला सांगायचं होतं. घरीसुद्धा मी नेहमी सांगतो. माझा पाय निघत नव्हता तेव्हा. तू रडली असतीस, थांब म्हणाली असतीस, तर मी इथंच कुठेतरी रस्ते मोजत राहिलो असतो. तू जा म्हणालीस म्हणून माझ्या हातून ती धरणं झाली. तुझे आभार मानायचे राहून गेले होते."

मॅडमनी डंपीच्या तिपाईचा एक पाय उगाच घट्ट केला. तो घट्टच होता.

"आभार कसले," त्या म्हणाल्या.

"तू काय म्हणत होतीस?"

"हेच. बरं झालं गेलास ते."

त्यानं मान हलवली. हेही त्यानं सरळच घेतलं. मग चहा झाला, गुण भरून झाले, पाकिटाला सील लागलं. गाडी लॅबच्या दारात आली. सगळ्यांना नमस्कार करून तो मॅडमकडे वळला.

"येऊ मग?"

निघताना जातो म्हणायचं नसतं, म्हणून सगळेच असं विचारतात. मॅडमना ते ठाऊक होतं. तरी उत्तर द्यायला त्यांना एक क्षण लागला. सगळ्या जन्मात त्याला एवढी एकच गोष्ट त्या सरळ सांगत होत्या.

"ये," त्या म्हणाल्या.

आणि ये म्हटल्यावर माणसं जातात तसा तो गेला. फाटकापर्यंत गाडी दिसली, मग नुसती धूळ.

मुलं पांगली होती. मामा नवी यंत्रं पेटीत भरत होते. मॅडम डंपी उचलायला झाडाखाली गेल्या आणि सवयीनं एकदा डोळा लावला. मैदानाच्या टोकाला ती मुलगी अजून उभी होती, पाय वर, आभाळाला डोकं टेकवून, दोन्ही हातांनी स्टाफ घट्ट धरून. तिला कुणी खूणच केली नव्हती.

मॅडम उन्हात पुढे आल्या आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.