इंदुबाईची पाटी

"पाटी पालथी कर आणि झटक. मगच आत पाय टाक," धर्माजी फाटकातूनच म्हणाले.

इंदुबाईने डोक्यावरचं ओझं एकटीनेच कसंबसं उतरवलं. सुके बोंबील फडक्यावर ओतले, पाटी पालथी घातली आणि तिच्या बुडावर चार थापा मारल्या. बांबूची एक काडी पडली. झुरळ पडलं नाही. धर्माजींना फार वाईट वाटलं.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं, तशी धर्माजींनी बोईसरच्या आपल्या चिकूच्या वाडीत आठ खोल्यांची चाळ उठवली. पहिल्या खोलीत स्वतः राहिले, बाकीच्या घाटावरच्या कामगारांना दिल्या. पाठोपाठ, कुणालाही न विचारता, पाठीवर दोन काळ्या रेघांची बारकी झुरळं राहायला आली. फवारणीवाला आणला. त्याने भिंती पांढऱ्या केल्या. झुरळं आठ दिवस पाहुणी गेली आणि लेकुरवाळी होऊन परतली. मग तपास झाला : मुरबे गावची इंदुबाई सुकी मासळी आणते, तेव्हा झुरळंही तीच आणते. तपासाला धर्माजी एकटेच होते.

"आजचा दिवस विक. उद्यापासून फाटक बंद."

ही चाळ म्हणजे इंदुबाईची अर्धी पाटी. पण तिला झोंबलं ते निराळंच. वीस वर्षं ती बोंबील विकत होती. तिच्या मालाकडे बोट दाखवायची कुणाची छाती झाली नव्हती.

"शेट, आज पाटी हितंच पडवीत ठेवून जातंय. भवताली पीठ पसरा. साऱ्यांच्या उंबऱ्यात पन पसरा. सकाळी पावलं बघू."

"पावलं?"

"मागल्या म्हयन्यात माझी सासू गेली. म्हातारी कंच्या जन्माला गेली ते बघाया दिव्यापाशी पीठ पसरलं. मांजरीची पावलं निघाली."

"मग?"

"मंग काय! मांजर आमचीच होती. पन पीठ खोटं बोलत नाय. जो चालला त्याचंच पाऊल. माझी पाटी गुन्हेगार निघाली, तर या वाटेला पुन्यांदा येनार नाय."

"आवं शेट, बघा की!" फिटर खंडेरावची बायको नर्मदा आपल्या दारातून म्हणाली. "पीठ म्या देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी चाळ पडवीत ओणवी झाली होती. पाटीभोवती नाजूक ठिपक्यांच्या रांगा होत्या, पण त्या बाहेरून पाटीपर्यंत येऊन परत गेलेल्या. इतर उंबऱ्यांत एखाददुसरी वाट दिसे. धर्माजींच्या उंबऱ्यात मात्र आठवडी बाजार उठून गेला होता. तिथून पांढरी पावलं आत गेली, भिंत चढली, फळीवर पोचली आणि विणलेल्या रुमालाखालच्या रेडिओत मागच्या बाजूने शिरली.

"रेडिओला हात लावायचा नाही!" धर्माजी ओरडले. चाळीत रेडिओ एकच होता.

"मालक, नुस्तं झाकण काढतो," खंडेराव म्हणाला आणि पेचकस फिरवला.

झाकणामागून भरलं गोकुळ बाहेर पडलं. कोपऱ्यात डाळीएवढ्या तपकिरी अंडपिशव्या पडल्या होत्या. चार महिने बातम्या खरखरत होत्या आणि धर्माजी दोष दिल्लीला देत होते.

"आतले दिवे तापतात, बायांनो. बालंतिनीला शेगडी मिळाली," इंदुबाई म्हणाली. "भिंतीला फवारा मारून काय होनार? ती ऱ्हातात उबेला, फटीत."

आता हुकूम तिचा होता. रेडिओ ब्रशने झाडला, खाली उकळत्या पाण्याची परात. कॅरमच्या पटावर टाकतात ती बोरिक पावडर कणकेत साखर घालून मळली, तिच्या गोळ्या पोरांचा हात पोचणार नाही अशा सांदीत सारल्या. फटी सिमेंटने बुजल्या.

"खरकटं रातीला ठेवायचं नाय. मोरी कोरडी पायजे. ऱ्हायलेली अंडी फुटतील, गोळ्या पुन्यांदा ठेवा. काय शेट?"

"हो," शेट म्हणाले.

दोन महिन्यांनी चाळीत झुरळ निघालं, तर पोरं एकमेकांना हाका मारून दाखवत.

अशाच एका सकाळी इंदुबाई आली आणि सवयीने फाटकाशी थांबून पाटी उतरवू लागली. आयुष्यात मासळीला बोट न लावलेले धर्माजी पायरी उतरून आले.

"थांब. एकटीने नको." त्यांनी दोन्ही हातांनी पाटीची कड धरली.

"झटकू?"

"नको. रेडिओ मी झटकलाय सकाळी."

आत बातम्या लागल्या होत्या. शब्द न् शब्द कळत होता. एक कड तिने आणि एक कड धर्माजींनी धरून पाटी फाटकातून आत नेली.