सहाचे बारा

ट्रॅक्टर सुरू करताना हँडल उलटं फिरलं, अप्पांचं मनगट मोडलं, तेव्हा कुठे त्यांना मुलीची आठवण झाली. मामाच्या गॅरेजात वीस वर्षं ती गाड्यांचं वायरिंग करत होती. गिऱ्हाइकं तिला वायरमनबाई म्हणत. अप्पा मात्र फोनवर म्हणाले, "ट्रॅक्टरला बटणस्टार्ट करायचंय. दादा करतोय, तू जरा त्याच्या हाताखाली ये."

ती गेली. दादा पहिल्या दिवशी चहाचा कप घेऊन शेजारी उभा राहिला, दुसऱ्या दिवशी तेवढाही नाही.

ट्रॅक्टर जुना, सहा व्होल्टचा. त्यातून बॅटरीचं प्लस टोक बॉडीला, म्हणजे सगळा उलटा कारभार. तिने बारा व्होल्टची बॅटरी सुलट जोडली, स्टार्टर लावला, चार्जिंगचा जुना डायनॅमो उतरवून अल्टरनेटर बसवला, कॉइल बदलली, बल्ब बदलले, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी उपसून नव्या ओढल्या. अप्पा गळ्यात हात अडकवून खुर्चीत बसलेले.

"सहाचे बारा करतेयस ते ठीक, आमचे बारा वाजवू नकोस म्हणजे मिळवली."

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने बटण दाबलं. इंजिन एका दमात सुरू झालं. अप्पांचे डोळे पाणावले. आवाज ऐकून शेजारी कुंपणापाशी आला. "वा! कुणी केलं हो?"

"कोण करणार? आमच्या दादाने."

दादाने मान खाली घातली, पण नाही म्हणाला नाही. ती फडक्याला हात पुसत राहिली. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

पंधरा दिवसांनी फोन आला. "काय गं वायरिंग केलंस? फांदी लागून दिवा फुटला, नवा बल्ब लावला तर फट्कन उडाला. दुसराही तसाच. तरी मी म्हणत होतो, ही पोरीबाळींची कामं नव्हेत."

"बल्ब कुठून आणले?"

"दादाने कपाटातले काढले. चांगले होते."

"ते सहाचे, अप्पा."

"मग आधी सांगायला काय झालं होतं? येऊन बघून जा."

"ज्याने केलंय त्यालाच दाखवा," म्हणून तिने फोन ठेवला. बोलून टाकलं, तरी हलकं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने बारा व्होल्टचे चार बल्ब पुठ्ठ्यात बांधले.

"आता कशाला पाठवतेस?" मामाने विचारलं.

"अंधारात कुठे धडकले, तर तेही माझ्याच वायरिंगवर येईल," ती म्हणाली आणि गाठ आवळली.

बल्ब मिळाल्याचा फोन काही आला नाही.